घुमी म्हणजे काय

४ जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'मुलगी तुझ्याकडे आल्याचं समजलं. ताबडतोब परत पाठव.' इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि त्यात 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही. खरं तर हे कार्ड फाडूनच टाकणार होते, पण वहिनीच्या जिवाला घोर लागला असेल म्हणून उत्तर देते आहे.

पोरगी सुखरूप आहे. जेवते, झोपते, दिवसभर बडबडते. परत पाठवणार नाही.

ती स्वतःच्या पायांनी आली, जायचं तेव्हा स्वतःच्या पायांनी जाईल. दारात उभी राहिली तेव्हा हातात एकच पिशवी होती आणि पिशवीत कपडे कमी, कात्र्या जास्त. नाक थेट आपल्या अण्णांचं, त्यामुळे ओळख सांगावी लागली नाही. म्हणाली, "आत्या, मला पडदे शिवायला शिकव. बाबा मला काउंटरवर बसवून ठेवतात, कात्रीला हात लावू देत नाहीत." मी म्हटलं, "आधी चप्पल काढ, कापड अंथरलंय."

माझी जागा तू पाहिलेली नाहीस. अण्णांचं दुकान जिथं होतं त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. एक लांब टेबल, भिंतीकडे तोंड केलेली मशीनं, त्यांच्यावर काम करणाऱ्या बायका आणि खिडकीपाशी आपले इस्त्रीवाले काका. हो, तेच. तू दुकान मोठ्या शहरात हलवलंस तेव्हा ते तुझ्याबरोबर आले नाहीत, माझ्याकडे आले. आता गुडघे कुरकुरतात, पण इस्त्री दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

पहिल्या दिवशी मी पोरीला अस्तराची एक पट्टी जोडायला दिली. शिवण सरकली. तिनं ती उजेडात धरली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "शी! अगदी घुमी झालं."

काकांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उसव आणि पुन्हा घाल." तर ती हसायला लागली. "आत्या, घुमी कधी उसवून सुधारतं का?"

हे वाक्य तिनं कुठून उचललं हे मला विचारायची गरज पडली नाही. म्हणजे तुझ्या दुकानात तो शब्द अजून रोज चालतो. तू कारागिरांना झापताना तोच वापरतोस. आणि पोरीला पत्ताच नाही की घुमी हे घरात माझं नाव होतं, मी लहानपणी फारशी बोलत नसे म्हणून पडलेलं. तिला वाटतं तो धंद्यातलाच शब्द आहे, टीप आणि अस्तर यांच्यासारखा.

तू तिला सांगितलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही. पण तिला कळायला हवं, आणि सांगायचं काम तुझं आहे. तिला पत्र लिही. हा शब्द कुठून आला ते सगळं लिही. तोवर ती इथंच राहील.

तुझी बहीण


२० जून

दादा,

तू तिला पत्र लिहिलंस, चांगलं केलंस. पण त्यात 'आई वाट बघते, घरी ये' यापलीकडे काही नाही. मला मात्र वेगळ्या कागदावर शहाणपण पाठवलंस. जुनं उकरून काढू नये, शब्द काय कुठूनही येतात, त्यांना काही आईबाप नसतात.

या शब्दाला बाप आहे. तू. अण्णांनी त्याला सांभाळून मोठा केला, आणि मग तो या गावानं दत्तक घेतला.

तू निघून गेलास, त्यामुळे तुला त्याची भरभराट माहीत नसेल. मी इथं राहिले. मी तो रोज ऐकते. बसमध्ये कॉलेजची पोरं म्हणतात, पेपर घुमी गेला. शेजारीण म्हणते, जावई घुमी निघाला. परवा औषधाच्या दुकानातला पोरगा मला खोकल्याची बाटली देताना म्हणाला, "मावशी, चव एकदम घुमी आहे, पण घ्या." मी म्हटलं, "मग मला सोसेल."

काकांनी त्या दिवशी इस्त्री उभी केली ती तुझ्या लेकीच्या नजरेतून सुटली नव्हती. तिनं शोध सुरू केला आहे. बटणवाल्यानं तिला सांगितलं की पूर्वी नाटकाच्या थिएटरात आवाज घुमायचा, शब्द कळायचे नाहीत, त्यावरून वाईट ते घुमी. खालच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या की हा शब्द मूळचा आपला नाहीच, जहाजांवरच्या खलाशांनी आणला. कुणी म्हणतं घुमी नावाचा एक साथीचा आजार होता. रोज चहाच्या वेळी ती नवी कथा घेऊन येते, काका खोकतात, आणि मी मूग गिळून बसते. मला त्यातली खलाशांची कथा आवडली. निदान तिच्यात समुद्र आहे.

अर्थ मात्र तिला बरोबर माहीत आहे, तो तूच शिकवलास. काम कच्चं असतं, वाकडं असतं, बिघडलेलं असतं. ही सगळी दुरुस्त होतात. टाके काढा, पुन्हा घाला. घुमी त्यांच्या खाली. जे उसवूनही सुधारत नाही, ज्याचं कापडच वाया गेलं, ज्याच्याकडे पाहिलं की करणाऱ्याची लाज वाटते, ते घुमी. त्याहून वाईट काम धंद्यात नाही. तेवढ्यासाठी माझं नाव वापरलंत.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. तू म्हणालास शब्दाला आईबाप नसतात, म्हणून लिहिलं. ती मला अजून विचारत नाही, पण विचारेल. मी खोटं बोलणार नाही. तू आधी लिहिलंस तर तुझ्या तोंडून कळेल.

तुझी बहीण


८ जुलै

दादा,

बातमी तुझ्यापर्यंत पोचली तर. हो, थिएटरचा तो पडदा उतरणार आहे आणि नवा मी शिवणार आहे. तू लिहितोस, 'ते काम घेऊ नकोस, लोकांना जुनं आठवेल, तुझीच बदनामी होईल.' माझ्या बदनामीची काळजी तू करावीस म्हणजे कमाल झाली.

तुला एक सांगितलं नव्हतं. तुझं पहिलं कार्ड आलं त्याच्या आधीच मी काम घेतलं होतं. मी चार लोकांसारखी अर्ज करून गप्प बसले नाही. व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "हा पडदा मी शिवला होता. नवासुद्धा मीच शिवणार." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "हा? बाई, हा पडदा तर..." आणि थांबले. मी म्हटलं, "घुमी आहे. म्हणा की. सगळं गाव म्हणतं."

तू लोकांना आठवेल म्हणतोस. लोकांना काहीच आठवत नाही, त्यांच्याकडे खलाशी आहेत. आठवतं ते आपल्या तिघांना, तुला, मला आणि काकांना. तुला कदाचित थोडं वेगळं आठवत असेल, म्हणून मला आठवतं तसं लिहिते.

लाल मखमल होती. पडदा कळ्यांचा होता, उभे तुकडे जोडून केलेला, प्रत्येक कळी वर अरुंद आणि खाली रुंद, म्हणजे वर चुण्या कमी आणि खाली घेर भरपूर. कापणी अण्णांनी पहिल्यांदाच एकट्या तुझ्यावर सोपवली. तू कापड वाचवायला गेलास. एक कळी सुलटी, तिच्या शेजारी एक उलटी, असं बसवलंस, म्हणजे मध्ये तुकडा वाया जात नाही. सुती कापडात सगळेच तसं करतात. मखमलीला लव असते, दादा. मांजराच्या पाठीसारखी ती एकाच बाजूला झुकते. लव खाली असली की कापड चमकतं, वर असली की तोच लाल काळपट दिसतो. कापडावर आधी हात फिरवायचा आणि मग कात्री लावायची, हे अण्णांनी आपल्या दोघांना अक्षरं शिकायच्या आधी शिकवलं होतं.

कळ्या शिवायला माझ्याकडे आल्या तेव्हा दुसऱ्याच जोडाला माझ्या तळव्याला कळलं. मी तुझ्याकडे आले. म्हटलं, "दादा, ही मखमल आहे. हात फिरवून बघ." तू म्हणालास, "दिव्यात कुणाला कळतंय? तू गुपचूप शीव." इतक्या कळ्या कापून झाल्या होत्या. त्या उलट्या करून बसत नव्हत्या, आणि नवं कापड मागायचं तर अण्णांना सांगावं लागलं असतं.

दिव्यातच कळलं. पहिल्या प्रयोगाला समोरचे दिवे लागले आणि सबंध पडदा पट्ट्यापट्ट्यांचा झाला, एक उजळ, एक काळी, सर्कशीच्या तंबूसारखा. लोक हसले. अण्णा पुढच्या रांगेतून उठले आणि थेट पडद्यामागं आले. नटमंडळी रंग लावून उभी होती. अण्णांनी विचारलं, "कापलं कुणी?" तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालास, "घुमीनं. मी तिला थोडं करायला दिलं होतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांसमोर आपणहून बोलायला तोंड उघडलं होतं. अण्णांनी हात वर केला. "तू गप्प बस." मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "असलं घुमीचं काम माझ्या दुकानातून पुन्हा बाहेर जाता कामा नये."

हा त्या शब्दाचा जन्म. नटांनी तो उचलला. एखादा प्रयोग पडला की म्हणायचे, आज घुमी झाला. व्यवस्थापकांनी पडदा तसाच ठेवला, 'सवय होईल नजरेला' म्हणून. नजरेला झाली, जिभेलाही झाली.

आता सांग, या गावात तो पडदा पुन्हा शिवायचा हक्क माझ्याशिवाय कुणाचा आहे?

बहीण


२ ऑगस्ट

दादा,

जे तू लिहायचं टाळलंस ते आता बाहेर आलं आहे. मी काही सांगितलेलं नाही. काका साक्षीला आहेत.

जुना पडदा काल इथं आला. मापं आणि हुक बघायला तो मला हवा होता. गडी लोकांनी तो जिन्यावरून ओढत आणला, तेव्हा अख्ख्या जिन्यात धूळ आणि जुन्या पावडरीचा वास भरला. टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर टाकला. तुझी लेक त्याच्या ढिगात मांडी घालून बसली आणि अस्तर उसवायला लागली. गाणं म्हणत होती. ते मध्येच थांबलं.

"आत्या, हा बाण बघ."

मी म्हटलं, "दिसला."

"याची शेपटी माशासारखी आहे."

"हो."

"असा बाण फक्त बाबा काढतात. मला पाटीवर काढायला शिकवला होता त्यांनी."

कापणारा कळीच्या उलट्या बाजूला वर कुठलं ते मेणखडूनं दाखवतो, आणि प्रत्येकाचा बाण वेगळा असतो, हे तुला मी काय सांगणार. अस्तराच्या आत मेणखडू इतकी वर्षं टिकेल असं मलाही वाटलं नव्हतं. पांढरा स्वच्छ होता. तिनं दुसऱ्या कळीचं अस्तर उसवलं, मग तिसऱ्या. सगळ्यांवर तोच मासा. मग तिनं पडदा सुलटा केला आणि त्यावर तळवा ठेवला. एका कळीवर हात वरून खाली आणला, शेजारच्या कळीवरही तसाच. पुन्हा एकदा केलं. तिला शिकवावं लागलं नाही. हात अण्णांचा आहे.

"कळ्या उलटसुलट कापल्यात," ती म्हणाली. "मखमल. उलटसुलट."

मशीनं थांबली होती. कुणीतरी पंखाही बंद केला.

"काका, घुमी कोण होती?"

काका एकाच जागी इस्त्री फिरवत राहिले, खालचं अस्तर जळायला आलं. मी म्हटलं, "मी."

तिनं तळवा पुन्हा पडद्यावर ठेवला. मग म्हणाली, "पण हे तू कापलेलं नाहीस."

"नाही."

"मग तुझं नाव का?"

"ते तुझ्या बाबांना विचार."

तिनं विचारलं, "तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "बोलले होते. आधी एकदा, नंतर एकदा." तिनं पुन्हा कात्री उचलली. संध्याकाळपर्यंत पडदा उसवत बसली, एकेक कळी सुटी केली, एकावर एक घड्या घालून ठेवल्या. जेवताना गप्प, झोपताना गप्प. या घरात आता दोन घुम्या झाल्या.

दादा, मला वाटलं होतं की ज्या दिवशी हे बाहेर येईल त्या दिवशी मला आनंद होईल. झाला. लपवत नाही. पण तिचं तोंड बघितलं आणि तो पुरता घशाखाली उतरला नाही.

बहीण


२१ ऑगस्ट

दादा,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. मी म्हणे तुझ्या पोटच्या पोरीला तुझ्यावर उलटवलं. मी म्हणे इतकी वर्षं डूक धरून बसले आणि पडद्याचं निमित्त केलं.

डूक धरला होता, मान्य. तो सोडायचा कधी हे मी ठरवीन. पण पोरीला मी तुझ्याविरुद्ध एक शब्द सांगितलेला नाही. तिनं कापडावर हात ठेवला. तू ठेवला असतास तर यातलं काहीच घडलं नसतं.

तू लिहितोस, तेव्हा तू विशीतला होतास, अण्णांच्या रागाला घाबरलास, नंतर सांगायचं होतं पण वेळ निघून गेली. पहिली दोन मी मानते. मीसुद्धा अण्णांना घाबरायचे. तिसरं मानत नाही. अण्णा त्यानंतर कितीतरी वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी होते. ते मला म्हणाले, "तू हात सुधारलास हो." मी 'हो' म्हटलं, कारण मरणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नव्हता. ते वाक्य तुझ्यामुळे मला ऐकावं लागलं. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो नाहीसा झाल्याचं नाटक मी करणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. इथल्या बायकांना सगळं कळल्यावर त्यांनी ठरवलं की आजपासून वाईट कामाला घुमी म्हणायचं नाही, तुझ्या नावानं म्हणायचं. एक दिवस चाललंसुद्धा. कुणाची टीप चुकली की तुझं नाव, कुणाचा दोरा तुटला की तुझं नाव. खूप हसल्या. मी ऐकलं आणि तुझी लेक खाली मान घालून मशीन चालवताना दिसली. मी टेबलावर फूटपट्टी आपटली. म्हटलं, "माणसाच्या नावाचं असलं काही या खोलीत होणार नाही. माझं झालं तेवढं पुरे."

म्हणजे तुला वाचवलं असं समजू नकोस. तिला वाचवलं.

नवी मखमल आली आहे, यावेळी गडद निळी. कापणी मी तिला दिली. सगळं कापड तिनं आधी हातानं तपासलं, एकाच दिशेनं कळ्या बसवल्या, तुकडे वाया जातील तर जाऊ देत म्हणून. मग खडू हातात घेऊन थांबली. "आत्या, बाण कसा काढू?"

मी म्हटलं, "तुला येतो तसा."

"माशाचा काढला तर चालेल?"

"बाणानं काही केलं नव्हतं," मी म्हटलं. तिनं माशाचा काढला.

तिनं तुला पत्र लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही म्हणते. तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. हट्टी आहे. कुणावर गेली कोण जाणे.

बहीण


१२ सप्टेंबर

दादा,

पुढच्या शनिवारी पडदा लागतो. संध्याकाळचा प्रयोग आहे. सोबत दोन पासेस आहेत, वहिनीलाही आण.

तुला आणखी एक कळायला हवं, म्हणजे आल्यावर धक्का बसायला नको. इतकी वर्षं माझ्या जागेला पाटी नव्हती. लोक 'वरच्या बाई' म्हणत आणि येत. आता पाटी लावते आहे. रंगारी नाव ऐकून म्हणाला, "बाई, असलं नाव कुणी लावतं का? गिऱ्हाईक पळेल." मी म्हटलं, "तू मोठ्या अक्षरात काढ."

तुझी लेक म्हणाली, "आत्या, मग लोक शब्दाचा अर्थ बदलतील." मी म्हटलं, नाही बदलला तरी चालेल. लोकांनी खुशाल पेपर घुमी गेला म्हणावं. फक्त ते म्हणताना वर बघितलं तर पाटी दिसली पाहिजे, आणि पाटीखाली मी.

तू आलास तर पुढच्या रांगेत बस, अण्णा बसले होते तिथं. नाही आलास तर त्या खुर्चीवर काकांना बसवीन. त्यांना गुडघे पसरायला जागा लागतेच.

बहीण


२१ सप्टेंबर

दादा,

तू सकाळच्या गाडीनं गेलास, आणि आपलं बोलणं काही झालं नाही. समोरासमोर मला जमत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते.

मी पडद्यामागं होते, दोरांपाशी. तुझी लेक माझ्या शेजारी उभी होती आणि तिची नखं माझ्या दंडात रुतत होती. समोरचे दिवे लागले. आम्हाला उलटी बाजू दिसत होती, नुसतं अस्तर. लोक हसतात का, एवढंच मी ऐकत होते. कुणी हसलं नाही. मग टाळ्या आल्या, नाटक सुरू व्हायच्या आधी, नुसत्या पडद्याला. तिनं मला मिठी मारली. मी रडले. तुला कळायला हवं म्हणून लिहिते, तू बघितलं नसशील.

प्रयोग संपल्यावर तू मागं आलास तेव्हा मला वाटलं, माझ्याकडे येशील. तू आधी पडद्याकडे गेलास. एका कळीवर तळवा ठेवून वरून खाली आणलास, मग शेजारच्या कळीवर, मग तिच्या शेजारच्या. टोकापर्यंत सगळ्या तपासल्यास. नटमंडळी कपडे बदलायला निघाली होती, ती थांबली. काका काठी टेकत उभे होते. कुणालाच काही कळत नव्हतं, आपल्या तिघांना सोडून. नाही, चौघांना.

ती म्हणाली, "बाबा, जुना कापला कुणी होता?"

अण्णांनी विचारलं होतं तिथंच, जवळजवळ त्याच शब्दांत. तिला ते माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू दोराला धरलंस.

"मी," म्हणालास.

एवढंच अक्षर होतं, दादा. एवढ्याशा अक्षरासाठी मी अण्णांच्या उशाशी 'हो' म्हटलं.

ती तुझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. तुझी मुलगी आहे, तिनं तसं करावं. मी तुझी बहीण आहे, मी केलं नाही. अजून करणार नाही. पण रात्री तुझं अंथरूण घातलं ते टेबलाजवळ, पंख्याखाली घातलं. काका म्हणत होते जिन्यात घाल.

ती माझ्याकडेच राहणार, ते तुला तिनं स्टँडवर सांगितलंच. वर्षातून एकदा कापणी बघायला येत जा. हात लावायला हरकत नाही.

शब्द मात्र परत मागू नकोस आणि त्याबद्दल माफीही मागत बसू नकोस. तू तो जन्माला घातलास, गावानं वापरला, मी त्याच्याखाली राहून दाखवलं. आता तो माझा आहे. रंगारी शिडीवरून ओरडून विचारतो आहे, अक्षरं पांढरी की पिवळी. मी पांढरी सांगितली, मेणखडूसारखी.

घुमी